कपड़ा आटता है

ज्या कापडाने माझ्या मुलीची पाठ सोलवटली, ते कापड मी निवडले होते. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचे क्रमाने सांगता येईल.

आम्ही मूळचे नागपूरचे. नवऱ्याच्या सरकारी उपक्रमातल्या नोकरीने वीस-एक वर्षांपूर्वी आम्हाला लखनौला आणले आणि इथेच ठेवले. गोमती नगरात घराजवळ एक गॅरेज भाड्याने घेऊन मी शिलाईचे युनिट चालवते. पाच मशिनी, पाच बायका आणि कटिंगला एक मास्टर साहब. शाळांचे गणवेश हे आमचे मुख्य काम. मी याद्यांवर चालते. मशीनवर यादी, फ्रिजवर यादी, पर्समध्ये वही. मुलगी म्हणते, "मम्मी के पास लिस्टों की भी एक लिस्ट है." तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर हिंदीत देते. घरात मी मराठी, ती हिंदी, आणि तिचे बाबा दोन्हींच्या मधे कुठेतरी.

मलिहाबादच्या पुढे, आंब्याच्या बागांना लागून एक खाजगी प्रशिक्षण संस्था आहे. पूर, आग, पडलेली इमारत, अशा ठिकाणांहून माणसे बाहेर कशी काढायची हे तिथे मुलामुलींना शिकवतात. चालवणारे निवृत्त कर्नल साहेब. त्यामुळे सगळे फौजी थाटाचे. परेड, पाठीवरची ओझी आणि फील्ड युनिफॉर्म. फौजेचे चट्ट्यापट्ट्यांचे कापड बाहेरच्यांनी घालायचे नसते, म्हणून साधा ऑलिव्ह हिरवा रंग. चार खिशांचा शर्ट, सहा खिशांची पँट, कोपरावर आणि गुडघ्यावर दुहेरी कापड.

ती ऑर्डर पहिल्यांदा आली तेव्हा मी टेरीकॉट निवडले. कारणे वहीत अजून आहेत. सुरकुत्या पडत नाहीत, रंग जात नाही, लवकर वाळते, फाटत नाही, आटत नाही. घालणाऱ्याला आतून कसे वाटेल, असा रकाना माझ्या यादीत नव्हता.

दुसऱ्या वर्षी मुलगी म्हणाली, मला तिथेच शिकायचे आहे. ती उंच, हाडापेराने मोठी, माझ्या वडिलांवर गेलेली. शाळेत या उंचीने तिला फार छळले होते. वर्गाच्या फोटोत ती गुडघे वाकवून उभी राहायची. संस्थेत पहिल्या महिन्यात तिने एका जाडजूड मुलाला खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणले आणि घरी येऊन ते तीन वेळा सांगितले. त्या दिवसापासून ती दारातून वाकून आत येईनाशी झाली. कपाळ आपटले तरी ताठच.

शेवटची परीक्षा म्हणजे मे महिन्यात हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतले दहा दिवसांचे शिबिर. ते पूर्ण केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. चौथ्या दिवशी संस्थेची जीप तिला घरी घेऊन आली. शर्ट पाठीला चिकटला होता. मी कात्रीने कापून काढला. माझ्याच युनिटची शिवण, माझेच लेबल कॉलरला. मानेपासून कमरेपर्यंत कातडी लाल होऊन फुटली होती, काखेत पू झाला होता, अंगात ताप. डॉक्टरीणबाईंनी कापडाचा तुकडा बोटांत धरून पाहिला आणि सांगितले की हिच्या कातडीला घामात कृत्रिम धागा चालणारच नाही. फक्त सुती, तेही आधी धुतलेले, नव्या कापडाची खळही नको. मी मान डोलावली. तो शर्ट कोणी शिवला हे मी सांगितले नाही.

शिबिर एकदाच पुन्हा देता येते. पलंगावर पालथी पडून मुलगी एवढेच म्हणाली, "मम्मी, मुझे वापस जाना है."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी कर्नल साहेबांकडे गेले. बोलणे थोडक्यात आटोपले. ते वाईट नव्हते, पण सरळ होते. युनिफॉर्म या शब्दाचा अर्थच एकसारखा, असे त्यांचे म्हणणे. "एक के लिए अलग नहीं होगा. सबका बदलिए, नहीं तो किसी का नहीं."

मी तयारीने गेले होते. पर्समधून काडेपेटी आणि दोन धागे काढले. टेरीकॉटचा धागा पेटवला तर तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळला, वास कागदाचाच, आणि फुंकल्यावर राख उडून गेली. मी म्हटले, सर, तुम्ही यांना आगीत पाठवता. हा मणी कातडीवर बसला तर कातडीसकट निघेल. त्यांनी तो मणी बोटाने दाबून पाहिला. चटका बसला असावा, कारण हात लगेच मागे घेतला. मग म्हणाले, चौतीस सेट, शिबिराला निघायच्या आधी, सगळे एका कापडाचे. एक जरी कमी पडला तर सगळे जुन्यातच जातील.

म्हणजे काय, ते मला नीट कळले. एक जरी कमी पडला, तर माझी मुलगी जाणार नाही, आणि पुन्हा कधीच जाणार नाही.

कापड निवडायला मी अमीनाबादच्या ठोक दुकानांत दोन आठवडे घालवले. रिपस्टॉप म्हणून बारीक चौकडीचे एक कापड असते, फाटले तर चौकडीपाशी थांबते. दुकानदाराने शपथेवर प्योर कॉटन सांगितले. मी कडेचा धागा काढून पेटवला तर राख झाली. मग चौकडीचा जाड धागा वेगळा काढून पेटवला, आणि टोकाला मणी. दुकानदार म्हणाला, "मैडम, आप कपड़ा लेने आई हैं या हवन करने?" मी दुसऱ्या दुकानात गेले. कॅनव्हास टिकाऊ, पण त्यात माणूस उकडून निघेल. खादी हवेशीर, पण ओझ्याच्या पट्ट्याखाली आठवड्यात विरेल. शेवटी कॉटन ड्रिल घेतले. तिरप्या विणीचे, मध्यम जाडीचे, आडवा उभा दोन्ही धागा सुती. वीतभर तुकडा घरी आणून तीन वेळा धुतला. रंग टिकला. मऊ झाले. पण बोटभर आटले. हे मी वहीत लिहिले.

आता यादी. ती मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बसून केली. शेजारी मुलगी मान खाजवत होती, फोनवर नागपूरहून माझी आई, पोरीला कडुलिंबाचं पाणी लाव गं, असे तिसऱ्यांदा सांगत होती. मी एका कानाने हो हो म्हणत मास्टर साहबांसाठी हिंदीत एकेक मुद्दा लिहीत होते. बटणे कोणती, दोरा सुतीच, कोपरावर दुहेरी. चौथा मुद्दा असा होता: "कपड़ा आटता है, कटाई से पहले देख लें."

मास्टर साहब जुन्या लखनौतल्या चौक मोहल्ल्यातले. सत्तरीकडे झुकलेले. उभा जन्म चिकनकारी भरतकामाच्या कुर्त्यांची कटिंग केलेली. नजर गेल्यावर बारीक काम सुटले, तेव्हा माझ्याकडे आले. कुर्त्याच्या कटिंगमध्ये सगळी करामत कमी कापडात जास्त माल बसवण्याची असते, आणि त्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. टेरीकॉटची इतकी वर्षे कापड आधी पाण्यातून काढायची आमच्याकडे कधी वेळच आली नव्हती. थान, म्हणजे कापडाचा तागा, आले की टेबलावर, आणि कात्री.

थान गॅरेजात पोचले त्या दिवशी मी मुलीबरोबर संस्थेत होते. मास्टर साहबांचा फोन आला. ते संभाषण मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"बहनजी, चार नंबर देख लिया. अट रहा है."

"अच्छा? काफ़ी?"

"आराम से अट रहा है."

"तो उसी हिसाब से काटिए."

"उसी हिसाब से काट रहे हैं."

फोन ठेवून मी वहीत चार नंबरवर खूण केली. मला फार हलके वाटले, हेही लिहिले पाहिजे.

सोमवारी सकाळी शिबिराला निघायचे होते. आदल्या गुरुवारी चौतीस सेट शिवून, इस्त्री करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून तयार होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते म्हणून मुलीचा सेट मी घरी आणून धुतला. गच्चीवर मेच्या उन्हात तो तासाभरात कडकडीत वाळला. तिने घातला आणि आरशासमोर उभी राहिली. मनगटे बाहेर. पँट घोट्याच्या वर. खांदे पुढे ओढले गेले होते, आणि हात वर करायला सांगितल्यावर पाठीची शिवण करकरली.

आरशात बघत तिने हळूच गुडघे वाकवले. शाळेच्या फोटोत वाकवायची तसे.

मी तो सेट तसाच घेऊन गॅरेजात गेले आणि टेबलावर टाकला. मास्टर साहबांना विचारले, कापड पाण्यातून काढले नव्हते का. ते म्हणाले, तुम्ही कधी सांगितले? मी भिंतीवरची यादी काढून चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवले. त्यांनीही त्याच मुद्द्यावर बोट ठेवले. तिथे त्यांची पेन्सिलची खूण होती.

"आपने लिखा है अटता है. हमने देख लिया. अट रहा था, बल्कि एक टुकड़ा बच भी गया."

"मैंने आटता लिखा है."

"हाँ, तो वही. हमने सोचा, बहनजी की मात्रा है, इधर-उधर हो ही जाती है."

मग कळले. आमच्याकडे आटते म्हणजे लहान होते. दूध आटते, विहीर आटते, कापड आटते. त्यांच्याकडे अटता है म्हणजे मावते, पुरते. तेवढ्या कापडात कुर्ता अटेल का, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. मी लिहिले होते की कापड आक्रसेल. त्यांनी वाचले होते की कापड पुरेल. सिकुड़ता है हा शब्द मला वीस वर्षांपासून येतो. रोज वापरते. नेमका त्या दिवशी, आईशी फोनवर बोलत असताना, हातातून नागपूरचा शब्द उतरला.

मी स्टुलावर बसले. माझ्या डोक्यात त्या वेळी काय आले, तेही सांगते. उरलेले तेहेतीस सेट अजून धुतलेले नव्हते. सोमवारी ते सगळ्यांना नीट बसले असते. तपासणी पार पडली असती. आटले असते ते तिकडे तराईत, पहिल्या धुण्याला, माझ्या डोळ्यांआड. तोवर फक्त मुलीच्या एका सेटचे काहीतरी केले की झाले. हे मी जवळजवळ बोललेच. मग टेबलावरचा तिचा शर्ट दिसला, काखेत ताणलेला, आणि तेहेतीस जणांच्या पाठीवर ओझ्यासकट तसा ताण डोळ्यांपुढे आला. एकदा अशीच मी बाकीच्यांच्या अंगाचा विचार न करता कापड निवडले होते.

शुक्रवारी सगळे सेट गरम पाण्यातून काढले. आमच्या इमारतीची पूर्ण गच्ची हिरवी झाली. शेजारच्या काकूंनी विचारले, घरात छावणी पडली आहे का. मी टेप घेऊन एकेक सेट मोजत गेले, मुलगी आकडे लिहीत गेली. आकडा लिहिताना तिचे अक्षर बारीक होत चालले होते. सगळे आटले होते. साधारण एक साइज. कुठे थोडे कमी, कुठे जास्त.

वही पुढे घेऊन मी तेवढेच केले जे मला येते. चौतीस जणांची नावे उंचीने लावली. शेजारी चौतीस सेट, आटलेल्या मापाने. मग रकाना सरकवत गेले. एक जागा, दोन, तीन. सहा जागा सरकवल्यावर जुळले. प्रत्येकाला आपल्यापेक्षा सहा जागा मोठ्या माणसाचा युनिफॉर्म द्यायचा. बारक्या टोकाला सहा सेट उरले, ते कोणाच्याच अंगात जाणार नव्हते. मोठ्या टोकाला सहा माणसे उरली, त्यांच्यासाठी काहीच नव्हते. त्या सहांत सगळ्यात वर माझ्या मुलीचे नाव.

ती यादी बघत राहिली. "सबको हो गया," म्हणाली, "बस लंबुओं को छोड़ के." हसायचा प्रयत्न होता तो.

दुकानात त्या रंगाचे कापड संपले होते. नवे थान दोन आठवड्यांनी. मास्टर साहबांनी वाचवलेला तुकडा पाण्यातून काढून वाळवला आणि शनिवारी टेबलावर पसरला. ते खडूने आखत होते, पुसत होते, पुठ्ठ्याचे साचे उलटेसुलटे फिरवत होते. मी शेजारी उभी. पाच सेट बसले. सहावा बसेना. त्यांनी पुन्हा सगळे पुसले आणि पुन्हा आखले. घाम त्यांच्या नाकावरून कापडावर पडत होता. शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला.

"नहीं अट रहा, बहनजी."

मी बाहेर जाऊन गॅरेजच्या शटरला टेकून उभी राहिले. रस्त्यावर ई-रिक्षा जात होत्या, समोरच्या फ्लॅटची कोणी बाई सब्जीवाल्या भैयाशी वाद घालत होती, आणि मला वाटत होते की एवढ्या मोठ्या शहरात मला एका माणसाच्या अंगापुरते कापड मिळू नये. कर्नल साहेबांना फोन करून सांगायचे वाक्य मी मनात तीन प्रकारे जुळवून पाहिले. तिन्हींचा शेवट एकच होता.

आत आले तेव्हा मास्टर साहब उरलेल्या सहा बारक्या सेटांची शिवण उसवत बसले होते. त्यांतून त्यांनी तुकडे वेगळे काढले. पाठ, बाह्या, पँटचे पाय. मग ते एकमेकांशेजारी लावून पाहू लागले, विणीची तिरपी रेघ जुळते का ते बघत. दोन पाठींची एक पाठ होईल. बाही कोपरापाशी जोडली तर जोड दुहेरी कापडाखाली लपेल. पँटला गुडघ्यापाशी तसेच. फक्त पाठीवर, खांद्याच्या खाली, एक आडवा जोड येणारच. तो कशानेही लपणार नव्हता.

मला एकच भीती होती. जोड म्हणजे शिवण, शिवण म्हणजे घासणार. मी तसे म्हटले. ते म्हणाले की आतल्या कडा दुमडून दोन्ही बाजूंनी दाबून टाकतो, बोट फिरवलेत तर कळणार नाही. मग माझ्याकडे न बघता विचारले, "जोड़ वाला किसको देंगी?"

दुसऱ्या कोणाला देणार होते? चूक माझ्या अक्षराची होती.

रविवारी सहा सेट शिवले. सहावा मी स्वतः शिवला, त्यांनी शेजारी बसून तुकडे हातात दिले. गरम पाण्यातून काढून, पुन्हा वाळवून मी तो उलटा केला आणि पाठीच्या जोडावरून गाल फिरवला. बोटावर माझा विश्वास उरला नव्हता.

सोमवारी सकाळी संस्थेच्या फाटकाशी सगळे रांगेत उभे होते. पालकांना आत सोडत नाहीत, मी फाटकाच्या गजाला धरून. कर्नल साहेब रांगेतून चालत आले. समोरून, मग मागून. उंचीने लावलेली रांग, त्यामुळे मुलगी टोकाला. तिच्या पाठीमागे ते थांबले.

"यह क्या है?"

"जोड़ है, सर."

"बाकी किसी का नहीं है."

"कपड़ा कम पड़ गया था, सर."

त्यांनी जोडाच्या वर आणि खाली शर्ट मुठीत धरला आणि दोन्हीकडे जोराने खेचला. मुलगी जागची हलली नाही. गुडघेही वाकले नाहीत. शिवण टिकली. त्यांनी शर्ट सोडला, हाताने सारखा केला आणि पुढे गेले. गाड्या निघाल्या.

शिबिरात फोन जमा करून घेतात. दहा दिवस काही कळणार नव्हते. पहिले तीन दिवस मी युनिटची कपाटे आवरली. चौथ्या दिवशी मात्र कामाला गेले नाही. खिडकीत बसले. गल्लीत जीपसारखा कुठलाही आवाज आला की उठायची. दुपारी संस्थेचा नंबर मोबाइलवर दिसला आणि मला तो उचलता येईना. नवऱ्याने उचलला. ऑफिसातल्या बाई विचारत होत्या की जास्तीची बटणे मिळतील का. नवरा हो म्हणाला, फोन ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. पाचव्या दिवशीही जीप आली नाही. पण पाचव्यानंतर सहावा होता, आणि उन्हाचा पारा रोज चढत होता. देवाधर्माचे आमच्या घरी नाही, त्यामुळे हात जोडायचीही सोय नव्हती. मी वहीत दहा चौकोन काढले होते, ते एकेक भरत गेले.

अकराव्या दिवशी ती आली. संस्थेच्या बसने, सगळ्यांबरोबर, स्वतःच्या पायांनी. दारातून आत येताना कपाळ आपटले. ताठच आली. काळी पडलेली, ओठ फुटलेले, टाचांना फोड. "हो गया, मम्मी," म्हणाली आणि फरशीवरच बसली.

मी तिला बाथरूममध्ये नेले आणि शर्ट वर केला. कात्री लागली नाही, तो सहज सुटला. मानेवर घामोळे होते. खांद्यांवर ओझ्याच्या पट्ट्यांचे वळ. आणि पाठीवर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, जोडाची एक लाल रेघ, पट्टीने आखल्यासारखी. तिच्या वर आणि खाली कातडी शाबूत होती. मी त्या रेघेवर खोबरेल तेल लावत राहिले. ती "बस, आई" म्हणाली तरी लावत राहिले.

मग तो शर्ट धुतला, गच्चीवर वाळत घातला आणि वाळल्यावर सवयीने टेप लावून पाहिला. आणखी आटला नव्हता.